540 चा फरक

हिशेबशास्त्र, व्यापारी कायदा आणि व्यवसायातली नीतिमत्ता या तीन विषयांच्या मी पहिल्या वर्षी तीन वह्या घातल्या होत्या. त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला एका न जुळणाऱ्या तेरजेने शिकवलं. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी; तिच्या नावे आणि जमा या दोन बाजूंच्या बेरजा सारख्या यायला हव्यात.

सरावाचं गणित होतं. नावे बाजू जमेपेक्षा 540 ने कमी येत होती. दोन तास खतावणी, म्हणजे सगळ्या खात्यांची वही, चाळली आणि शेवटी वैतागून किरकोळ खर्चात 540 वाढवले. जुळली तेरीज. वही तपासताना बाईंनी नेमकी त्या आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि एवढंच म्हणाल्या, "या 540 ची पावती दाखव."

कान तापले माझे. बाईंनी मग फरक शोधायची रीत दाखवली. आधी फरकाची निम्मी रक्कम बघायची, कारण 270 ची नोंद उलट्या बाजूला गेली असेल तर फरक दुप्पट पडतो. ती नसली तर 9 ने भागायचं. पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. 540 ला भाग गेला, आणि सापडलं: भाड्याचे 930 मी 390 लिहिले होते.

पण जुळलेली तेरीजही फसवते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र बसवण्याची मजुरी यंत्राच्या किमतीत धरतात, नेहमीच्या देखभालीची मजुरी खर्चात. दुसरी पहिलीत घातली तरी तेरीज जुळतेच, नफा मात्र फुगतो. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने हेच केलं. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरल्याचे पैसे खर्चाऐवजी मालमत्तेत दाखवले. जून 2002 मध्ये उघड झालेला आकडा 3.8 अब्ज डॉलरच्या घरातला होता. अंतर्गत लेखापरीक्षक सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींचा आधार मागितला, तो कुणालाच देता आला नाही. हे वाचताना मला ती पेन्सिल आठवली.

कायद्याचं पुस्तकही मग वेगळं दिसायला लागलं. इंग्लंडमधल्या कार्लिल खटल्यात एका औषधी कंपनीने जाहिरात दिली होती, की आमचं औषध वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ. कंपनी म्हणत होती, ती जाहिरात नुसती बढाई होती. पण त्याच जाहिरातीत, आमचा शब्द खरा म्हणून 1000 पौंड बँकेत ठेवलेत, असंही छापलं होतं. 1892 मध्ये न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आणि कंपनीला पैसे द्यावे लागले.

परीक्षेत माझी तेरीज पुन्हा जुळली नाही. फरक 90, हातात सात मिनिटं. मी सस्पेन्स खाते, म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरता दाखवायचं खातं, उघडून 90 तिथे ठळक लिहिले आणि पुढचा प्रश्न घेतला. पास झाले. चूक त्या रात्रीच सापडली: विक्री परतीचे 45 नावेऐवजी जमेला गेले होते.