लिंबाच्या पानावरचं अंडं

आमची रोपवाटिका सावंतवाडीजवळ आहे. पाऊस ओसरायला लागला की शेडनेटच्या कडेच्या कृष्णकिरीटाला शेंदरी फुलांची थरांवर थर अशी शिखरं येतात आणि सकाळी नऊच्या उन्हात मोठी फुलपाखरं त्यावर उतरतात. निलवंत तर रोजचाच. २०१५ पासून तो महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. एवढा मोठा, पण फुलावर निवांत टेकत नाही. पाय जेमतेम लावतो, पुढचे पंख थरथरवत ठेवतो आणि सोंड फुलाच्या नळीत घालतो. बाहेर आलेले लांब केसर त्या पंखांना घासत राहतात. तासभर बघत बसावं असं दृश्य, पण रोपं कोण भरणार?

त्या दिवशी कागदी लिंबाची दोनशे रोपं एका बागायतदाराला द्यायची होती आणि अळ्यांनी कोवळी पानं कुरतडली होती. गडी पंप भरून उभा होता. "वयनी, औषध मारूया मा?"

मी हो म्हणणार, एवढ्यात कृष्णकिरीटावरून एक काळं फुलपाखरू उठलं. मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल ठिपके. कॉमन रोझ, मी मनाशी म्हटलं. ते सरळ लिंबाच्या रोपांकडे आलं, एका कोवळ्या पानावर क्षणभर टेकलं, पोट वाकवलं आणि उडालं. पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळं अंडं!

मी चक्रावले. रोझची मादी अंडी घालते ती ईश्वरीच्या वेलावर. लिंबाचं पान तिच्या पिल्लांच्या काय कामाचं? ती पुन्हा खाली आली तेव्हा अंग नीट पाहिलं. रोझचं अंग लालभडक असतं, हिचं काळं. ही कॉमन मॉरमॉनची मादी होती. ईश्वरीच्या पानांतलं विष रोझच्या अंगात साठतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही बिनविषारी मादी नुसते त्याचे रंग पांघरून हिंडते. मध कुठल्याही फुलावर पिईल, पण अंडं लिंबाच्याच कुळात. इतकी वर्षं मी कितींना रोझ म्हणून सोडून दिलं असेल, याची रुखरुख लागली.

पंप ठेवून द्यायला सांगितलं. आम्ही दोघांनी पानन् पान उलटून अळ्या वेचल्या. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे दुपार त्यातच गेली. मोठ्या अळीला बोट लागलं की डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. सगळ्या विहिरीकडच्या जुन्या लिंबावर नेऊन सोडल्या. रोपं दुसऱ्या दिवशी गेली, एक कमी. बागायतदाराला कारण सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

ते एक रोप माझ्या टेबलाजवळ आहे. अळीने चौथी कात टाकली, आता ती हिरवीगार झालीय, आणि रोपाला चारच पानं उरलीत. उद्या तिच्यासाठी विहिरीकडची फांदी तोडून आणायची आहे.