संगणकाचा यूपीएस: आधी अर्थिंग, मग बॅटरी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत वीज आली ती भिंती उभ्या राहिल्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि संगणक आला तो त्याच्याही पुष्कळ नंतर. त्यामुळे आमच्याकडच्या अनेक घरांतले वायरिंग एक पंखा, दोन दिवे आणि फार तर एक रेडिओ एवढ्याच हिशेबाचे होते, आणि पुढे त्यातच ठिगळे लावत गेले. ओळखीत कोणाच्या मुलाचे घरून काम सुरू झाले किंवा कोणी हिशेबाचे काम घरी आणले, की "काका, यूपीएस कितीचा घेऊ?" अशी विचारणा माझ्याकडे येते. यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर संगणक काही मिनिटे चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. किंमत मी नंतर सांगतो. आधी एवढेच विचारतो, की ज्या बोर्डात तो लावणार आहात, त्यातल्या वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या, भोकात खरोखर काही जोडलेले आहे का?

हा प्रश्न ऐकून बहुतेक जण गप्प होतात, कारण तिन्ही भोके दिसतात म्हणजे तिन्ही वायरी आहेत असे आपण गृहीत धरतो. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला हवी तशी बदलून देणाऱ्या भागात, विजेतला खरखराट गाळण्यासाठी जे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) या दोन्हींपासून पत्र्याच्या डब्याकडे जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसले तर तो डबा दोन्हींच्या अधेमधे, म्हणजे साधारण ११० ते ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. सीपीयूच्या मागच्या पत्र्याला उघडा हात लागला की ज्या मुंग्या येतात, त्या याच कारणाने. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस त्यातून सहसा वाचतो, पण मुंग्या येणे ही यंत्राची खोड नव्हे, ती घराच्या वायरिंगची तक्रार आहे. यूपीएसमधले सर्ज रोखणारे भागही वादळातला जादा दाब पुष्कळसा अर्थच्याच वायरीने बाहेर टाकतात, तेव्हा ती वाट बंद असेल तर महागातला यूपीएस घेऊनही त्याचे निम्मे काम आपणच बंद करून ठेवलेले असते.

याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडणे. जुना बोर्ड उघडला की न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा तांब्याचा तुकडा वळवून लावलेला दिसतो आणि मिस्त्री अगदी विश्वासाने सांगतो, "साहब, न्यूट्रल से अर्थ ले लिया है, बल्ब लगाकर देख लो।" बल्ब अर्थातच लख्ख लागतो, कारण तो न्यूट्रलवरच लागलेला असतो. पण उद्या मीटरजवळ किंवा खांबावर न्यूट्रलचा सांधा सैल झाला, तर घरातल्या पंख्या-दिव्यांतून गेलेली वीज परत जायला वाट शोधते, आणि त्या तुकड्यामार्गे यूपीएसच्या, संगणकाच्या, फ्रीजच्या अशा सगळ्या पत्र्यांवर २३० व्होल्ट येऊन बसतात. दुरुस्तीच्या वेळी बाहेर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर सांधा तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

हे तपासायला टेस्टर पुरत नाही, मल्टिमीटर लागतो, आणि तो हाताळायची सवय नसेल तर हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये शून्यापासून दोन-तीन व्होल्टांपर्यंत दाखवले तर ते ठीक समजावे. न्यूट्रल-अर्थचा आकडा वीस, तीस, पन्नास असा चढलेला असेल तर अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. मात्र त्याच सर्किटवर इस्त्री चालू करूनही तो आकडा काटेकोर शून्यावरच राहिला, तर खूश होऊ नये. बोर्ड उघडून तो तांब्याचा तुकडा शोधावा, कारण खऱ्या अर्थिंगमध्ये भार टाकला की न्यूट्रलवर थोडा तरी दाब दिसतोच. खरे अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून घरापर्यंत आलेली अखंड वायर. भारतीय मानक आयएस ३०४३ याच विषयाचे आहे. आमच्याकडे मे महिन्यात जमीन इतकी कोरडी होते, की अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते, आणि ते ओतायची आठवण घरात कोणालाच राहत नाही.

एवढे झाल्यावर मग यूपीएस. दुकानात डब्यावर ६०० लिहिलेले असते ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर) असतात, वॉट नव्हेत. स्वस्तातल्या ६०० व्हीए यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॉटच असते आणि हा दुसरा आकडा मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतो. साधा घरगुती संगणक आणि मॉनिटर मिळून सव्वाशे-दीडशे वॉट घेतात, तेव्हा ते त्याला झेपते, पण ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला झेपेलच असे नाही. आत असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर, पण इतक्या जोराने उपसल्यावर तिच्यातली निम्मीही हाती लागत नाही. नव्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटे मिळतात, आणि यूपीएस घ्यायचा तो तेवढ्यासाठीच. फाइल जतन करावी, संगणक रीतसर बंद करावा, आणि लाइट येईपर्यंत अंगणात जाऊन बसावे.

प्रकारांबद्दल फार लिहीत नाही. घरासाठी लाइन इंटरअॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त झाले तर बॅटरीला हात न लावता ते सावरून घेणारा यूपीएस पुरतो. फक्त नव्या चांगल्या एसएमपीएसपैकी काहींना बॅटरीवर निघणारी पायऱ्यापायऱ्यांची लहर मानवत नाही आणि लाइट गेल्याक्षणीच संगणक बंद पडतो. अशा यंत्राला प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस घ्यावा. घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस लावला, तर त्याला ती वीज ओळखीची वाटत नाही आणि तो सारखा खटखट करत बॅटरीवर जात-येत राहतो. त्यात बॅटरी संपते आणि घरचे वैतागतात.

आता उष्णतेबद्दल सविस्तर, कारण आमच्या गावात बॅटऱ्या मरतात त्या विजेने कमी आणि उन्हाने जास्त. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर आठ-दहा अंश वाढले की ते साधारण निम्मे होते. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या टेबलाखाली, लाकडी खणात, वर कापड टाकून ठेवलेल्या यूपीएसच्या आतले तापमान त्याहूनही चढते, शिवाय ट्रान्सफॉर्मरची स्वतःची ऊब असते ती वेगळीच. डब्यावर पाच वर्षांची म्हणून लिहिलेली बॅटरी मग दोन उन्हाळ्यांत मान टाकते आणि दोष कंपनीला जातो. यूपीएस खोलीच्या त्यातल्या त्यात थंड बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि चारही बाजूंनी हात फिरेल इतकी जागा सोडून ठेवावा. त्याच्या जाळ्या उघड्या राहू द्याव्यात आणि लू चालते त्या दिवसांत आत ओढली जाणारी धूळ मऊ ब्रशने झाडावी, अर्थातच यूपीएस बंद करून आणि प्लग काढून. कूलरच्या तोंडासमोर मात्र तो ठेवू नये. थंड हवा मिळते तशी ओलही मिळते. सीलबंद बॅटरीतून एरवी वायू बाहेर येत नाही, पण चार्जर बिघडून ती फार तापली तर तिची झडप उघडते आणि हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेट घ्यायला तेवढे पुरते. म्हणूनच देवघरातल्या समईशेजारी किंवा बंद कपाटात यूपीएस नको.

ओळखीच्या एका घरी मी असा यूपीएस पाहिला, ज्याच्या बाजूला भोक पाडून दोन जाड वायरी बाहेर काढल्या होत्या आणि त्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या ट्यूबलर बॅटरीला जोडल्या होत्या. घरच्या वहिनींनी कौतुकाने सांगितले, की आता चार तास संगणक चालतो. चालतो हे खरेच, पण त्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि त्यातली उष्णता बाहेर टाकणारी अॅल्युमिनियमची पट्टी पंधरा मिनिटांची उष्णता सोसेल एवढीच बनवलेली असते, कारण एरवी पंधराव्या मिनिटाला बॅटरीच संपून तिला विश्रांती मिळते. इथे ती विश्रांतीच काढून घेतली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वेष्टनाला करपल्याचा वास तेव्हाच येत होता. शिवाय आतला चार्जर जेमतेम एक अँपिअरचा, तेव्हा १५० अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी भरायला त्याला सहा दिवसांहून अधिक लागणार, म्हणजे ती कायम अर्धपोटी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेटची पुटे चढणार. ट्यूबलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वेगळाच, आणि ही बॅटरी ठेवली होती मुलाच्या पलंगाशेजारी. ज्यांना चार तास हवेत त्यांनी यूपीएस मोडवर चालणारा चांगला साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा आणि तो हवेशीर ओसरीत ठेवावा. मध्यममार्ग यात नाही.

जोडणीच्या दिवशी नवा यूपीएस आठ तास चार्ज होऊ द्यावा आणि मगच त्याच्यावर भार टाकावा. प्लग थेट भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटात जावा. तीन पिनींचे दोन पिनींत रूपांतर करणारी ती पांढरी टोपी मधे आली, की आधीची सगळी अर्थिंगची खटपट पाण्यात जाते. मागच्या सॉकेटांवर संगणक, मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर एवढेच असावे. लेझर प्रिंटर कधीही नको, कारण त्याचा तापणारा रोलर क्षणात पाचशे-हजार वॉट ओढतो. यूपीएसच्या पुढे स्पाइक गार्डची पट्टी लावून पंखा, चार्जर आणि डास मारायचे यंत्र जोडण्याचा मोहही टाळावा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, आणि घरी येणाऱ्या मिस्त्रीलाही, सांगून ठेवावी. मेन स्विच बंद केला तरी यूपीएसच्या मागच्या सॉकेटांवर २३० व्होल्ट असतातच. भिंतीतून प्लग काढला म्हणजे ते यंत्र मेले असे नव्हे. त्याचे स्वतःचे बटणही बंद केले पाहिजे. महिन्यातून एकदा चाचणी घेताना प्लग ओढू नये, भिंतीवरचे बटण बंद करावे, कारण आपल्याकडचे ते बटण फक्त फेज तोडते आणि अर्थ जोडलेलाच राहतो. चाचणीआधी फाइली जतन करून ठेवाव्यात. बीप सुरू झाल्यापासून बॅटरी किती मिनिटे टिकते ते कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहिले, तर बॅटरीची उतरती कळा आपोआप डोळ्यांपुढे येते.

घरी कोणी नसताना लाइट गेली तर? त्यासाठी यूएसबीची वायर असलेला यूपीएस थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावा असे माझे मत आहे. विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखे ओळखते आणि ठरावीक टक्क्यांवर संगणक आपोआप बंद करते. लिनक्सवर हेच काम नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचे सॉफ्टवेअर करते. ही मर्यादा शेवटच्या पाच टक्क्यांवर ठेवू नये, कारण जुनी बॅटरी चाळीस टक्के दाखवता दाखवता एकदम झोपते.

बॅटरी बदलताना यूपीएस बंद, प्लग बाहेर, मागच्या सगळ्या वायरी काढलेल्या, आणि हातातली अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ टेबलावर. बारा व्होल्टांचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दोन टर्मिनलांमध्ये धातू आडवा आला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटातच लाल होते. काळी वायर आधी काढावी, लावताना शेवटी लावावी. त्या क्षणी उडणारी बारीक ठिणगी आतल्या कपॅसिटरची असते, तिने घाबरून वायर टेकव-सोड करू नये. जुनी बॅटरी फुगलेली, ओघळलेली किंवा सडक्या अंड्याचा वास मारणारी असेल तर ती ओढून बाहेर काढण्याच्या भानगडीत न पडता दुकानदाराकडे अख्खा यूपीएसच न्यावा. नवी घेताना दुकानातच मीटर लावून पाहावे; साडेबारा व्होल्टांच्या खाली असेल तर ती कपाटात पडून राहिलेली आहे. दोन बॅटऱ्यांचा यूपीएस असेल तर दोन्ही एकदमच बदलाव्यात. आणि धूर निघालाच तर पाणी ओतू नये. एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरावा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तो ती फोडून आम्ल गटारात ओततो आणि शिसे उघड्यावर वितळवतो. बॅटऱ्यांच्या कचऱ्याबद्दल २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि बॅटरीचे दुकानदार बहुधा ती घेऊन नव्याच्या किमतीत काही रुपये वजाही करतात. दुकानात नेताना दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावावी, बॅटरी उभीच ठेवावी, आणि स्कूटरच्या डिकीत किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर टाकू नये.