पोले पोले, लेनानापर्यंत

नैरोबीत येऊन चार वर्षं झाली तरी माउंट केनिया केला नाही म्हणून पुण्याचे ट्रेकवाले मित्र फोनवर टोमणे मारायला लागले होते, शेवटी गेल्या फेब्रुवारीत एकदाचा गेलो. सिरिमोन गेटने वर. पहिला मुक्काम 3300 मीटरवर, दुसरा शिप्टन कॅम्प, 4200. गाइडचं सारखं एकच, 'पोले पोले', म्हणजे हळू हळू. मला कशाला सांगतोय असं वाटलेलं, पण 4000 च्या वर बुटाची लेस बांधायला वाकलो तरी धाप लागायची.

तसं डोकं आधी मॅकिंडर व्हॅलीतच फिरलं होतं. आपल्याकडच्या दऱ्या पाण्याने कापलेल्या, तळाशी चिंचोळ्या. ही एखाद्या भल्यामोठ्या पन्हळीसारखी, तळ रुंद आणि दोन्हीकडे उभ्या भिंती, कारण इथून नदी नाही, हिमनदी घासत गेलीय. आणि समोर बटियान (5199) आणि नेलियन (5188) हे दोन सुळके. मी आपला समजत होतो की ज्वालामुखीचं तोंड वर कुठेतरी असणार. छे! साधारण 26 लाख वर्षांपूर्वी हा थंड झाला, तेव्हा म्हणे 6000 मीटरच्याही वर होता, नंतर बर्फाने बाहेरचा सगळा डोंगर खरवडून नेला आणि नळीत घट्ट झालेला दगड तेवढा उरला. थोडक्यात बाटली फुटली आणि बूच राहिलं. सह्याद्रीत थरावर थर बघायची सवय, त्यामुळे हे पचायला वेळ लागला.

या दोघांवर दोर लावून चढतात, आपल्यासारख्यांसाठी लेनाना हे तिसरं शिखर, 4985. तिन्ही नावं मासाई धर्मगुरूंची आहेत.

रात्री अडीचला निघालो. वाटेत बॅटरी मारली तर लोबेलिया नावाच्या इथल्या झाडाच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेलं, वर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा. बोट लावलं तर कट्‌कन तुटला. खालचं पाणी गोठत नाही आणि मधला कोंब वाचतो. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर, आणि माझी बोटं सुन्न!

माथ्यावर उजाडलं. पलीकडे खाली लुईस हिमनदी, म्हणजे जे काय उरलंय ते, मळकट चादर वाळत टाकल्यासारखं. 1899 ला मॅकिंडर, म्हणजे बटियानवर पहिल्यांदा चढलेला इंग्रज, आणि त्याचे दोन गाइड हाच बर्फ ओलांडून गेले आणि वर डायमंड हिमनदीत पायऱ्या खोदत बटियानला पोचले. आमच्या गाइडने मोबाइलवर स्वतःचा जुना फोटो उघडला, इथूनच घेतलेला, आणि स्क्रीन समोर धरून जुळवायला लागला. हा दगड हा, तो दगड तो. दगड सगळे जुळले. बर्फाची कड काही केल्या जुळेना, तो दोनदा झूम करून बघत बसला, मग म्हणाला चला, वारा वाढतोय.

कॅम्पवर परत आलो तर हायरॅक्सने, म्हणजे सशाएवढ्या एका केसाळ प्राण्याने, माझ्या सॅकमधली चिक्की कागदासकट फस्त केलेली.