ऐकू येण्याइतका वेग

परवा दुपारी दुरुस्तीला टाकलेली सायकल घेऊन निघालो आणि अंबाजोगाईतला नेहमीचा उतार लागताच पायडल थांबवले, तर मागच्या चाकातून काहीच ऐकू आले नाही. कारागिराने केवळ आपुलकीपोटी फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस भरून दिले होते. पायडल थांबले की आतल्या खिट्ट्या दात्यांवरून घसरत जातात आणि त्यातून ती बारीक, सलग टिकटिक निघते. ग्रीस दाट झाले की खिट्ट्या मुक्या होतात. उलट्या पावली जाऊन ते काढायला सांगितले, तेव्हा तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. “काका, लोक आवाज बंद करून घ्यायला येतात,” तो म्हणाला, “तुम्ही सुरू करून मागताय.”

आता हा हट्ट कोणाला समजावून सांगायचा? आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे जाताना रस्ता बालाघाटाच्या दरीत उतरतो. तिथे पायडल न मारता कोणाची सायकल सर्वांत लांब जाते, अशी आमची पैज लागत असे. सायकली बहुतेक वडिलांच्या, त्यामुळे निम्म्यांचे पाय नळीखालून घातलेले. पुढचा किती दूर गेला हे वळणामुळे दिसत नसे, पण टिकटिकीवरून कळे, आणि ती विरळ होऊ लागली की मागचे ओरडू लागत. मला तो आवाज तंबोऱ्यासारखा वाटतो. तो मागे चालू असला की बाकीचे सगळे सूर स्वच्छ ऐकू येतात.

क्रिकेटसुद्धा मी पुष्कळसे सायकलीवरच ऐकले आहे. 31 जानेवारी 1999 हा रविवार होता, चेन्नईच्या कसोटीत पाकिस्तानविरुद्ध 271 धावांचा पाठलाग सुरू होता आणि मला घरून दळणाला पिटाळले होते. कॅरिअरला पिठाचा डबा बांधून बाजारातून जाताना पानटपरीवर सुरू झालेले समालोचकाचे वाक्य सलूनपाशी पुढे सरके आणि शिंप्याच्या दुकानाशी पूर्ण होई, कारण रेडिओ सगळीकडे एकाच स्टेशनवर होते. त्यामुळे न थांबताही माझा एक चेंडू चुकत नव्हता. धावफलकावर 254 असताना पाठदुखी सोसत खेळणारा सचिन 136 वर बाद झाला. जिंकायला 17 धावा हव्या होत्या आणि तीन गडी हाताशी होते. गिरणीतून पीठ घेऊन निघालो, तेव्हा डाव 258 वर आटोपला होता आणि येताना बाजारात एकही रेडिओ चालू नव्हता. शिंप्याने तर दुकानच बंद केले होते.

हल्ली रविवारी सकाळी शिरस्त्राण घातलेले सायकलस्वार रस्त्याने दिसतात. त्यांचा व्यायाम उत्तम, सायकली तर हेवा वाटावा अशा. पण जवळजवळ प्रत्येकाच्या कानात गाणी अडकवलेली असतात. माझा गाण्याशी काही वाकडा संबंध नाही, मी घरी तासन्‌तास गाणे ऐकतो. मात्र मृगाच्या तोंडावर पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत असताना किंवा हुरड्याच्या दिवसांत ज्वारीतले राखणदार पाखरांवर ओरडत असताना कान बुजवून पुढे जाणे मला उद्धटपणाचे वाटते. (मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येणेही हिताचे असते, पण तो मुद्दा घरच्यांचा आहे.)

या भागात सायकलीचे सर्वांत मोठे ओझे दळणाचे कधीच नव्हते, ते पाण्याचे होते. जाताना दोन्ही बाजूंना बांधलेल्या रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत खडखडत, येताना भरलेल्या घागरी गप्प असत आणि ऐकू येई ती ओढणाऱ्याची धाप. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात हा खडखडाट पहाटे चारला सुरू होई. तो ऐकून आदल्या दिवशी कोणत्या गल्लीत टँकर आला नव्हता हे अंथरुणातूनच सांगता येत असे.

आणि 2025 चा सप्टेंबर अगदी उलटा गेला. एरवी काढणीला आलेल्या सोयाबीनजवळून सायकल गेली की वाळलेल्या शेंगांतले दाणे वाऱ्यावर खुळखुळतात. हा आवाज मोटारीत बसणाऱ्याला ठाऊकही नसतो. त्या वर्षी बीड, लातूर, धाराशिव, नांदेडकडे पाऊस थांबेचना, नद्या शिवारात शिरल्या, आणि पाणी ओसरल्यावर मी त्या बाजूला गेलो तेव्हा शेंगा जागेवर होत्या, काळ्या पडलेल्या, काहींतून कोंब निघालेले. वारा सुटला होता, तरी शेत वाजत नव्हते. बांधावर एक ओळखीचे शेतकरी उभे होते. सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केल्याचे मी त्यांना सांगितले. “कोटीचं राहू द्या,” ते म्हणाले, “ज्वारी पेरायची, तर रानाला वापसाच येईना झालाय. आभाळाचं काय म्हणतेत पेपरात?” पेपरात आणखी पाऊस सांगितला होता. मी तेही त्यांना सांगितले.