बाहेरच्या डिस्कवरून क्लोन डेबियन: पावसाळ्याआधीची नोंद

मालवणातल्या डेस्कटॉपवरचा डेबियन (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) १ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर जसाच्या तसा उतरवून, म्हणजे क्लोन करून झाला. जूनपासून इथे लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही आणि खारी हवा बोर्ड खातेच. मशीन बसलं तर डिस्क उचलून कुणाच्याही लॅपटॉपला लावायची, एवढ्यासाठी हा खटाटोप.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच लिनक्स चालतो) बूट करून डीडी, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञा, चालवला. त्यात विशेष काही नाही. गंमत नंतरची. डीडी यूयूआयडीसकट (पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, ओळख क्रमांक) सगळं उतरवतो. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की एकाच यूयूआयडीची दोन पार्टिशनं समोर येतात, आणि रूट (सिस्टीमचं मुख्य पार्टिशन) म्हणून कुठलं बसेल ते नशिबावर. माझ्याकडे फर्मवेअरच्या मेनूत बाहेरची डिस्क निवडली, ग्रब (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) आला, डेस्कटॉप उघडला, सगळं झकास. फाइंडमाउंटला (कुठलं पार्टिशन कुठे जोडलंय ते सांगणारी आज्ञा) विचारलं तर रूट आतल्या एसएसडीवर! त्यामुळे ‘माझा क्लोन पहिल्या फटक्यात उठला’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, आतली डिस्क काढली होतीस का?

मग पुन्हा लाइव्हमध्ये जाऊन क्लोनच्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) पार्टिशनवर ई२एफएससीकेने तपासणी, त्यानंतर ट्यून२एफएसने नवा यूयूआयडी. स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायचं पार्टिशन) नव्याने बनवला. दोन्ही नवे यूयूआयडी एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) भरले. स्वॅपचा जुना आकडा तिथे राहिला तर बूट होताना सिस्टीमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहत बसतो. शेवटी सीएचरूट करून (म्हणजे लाइव्हमधूनच क्लोनच्या आत शिरून) इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टीम) आणि ग्रब अपडेट. बीटीआरएफएसवाल्यांनो (ही दुसरी एक फाइल सिस्टीम), तुम्ही यूयूआयडी बदलल्याशिवाय मूळ आणि क्लोन एकत्र जोडून माउंट करूच नका, डेटा जाऊ शकतो.

एसएसडीची केबल काढून पाहिलं, उठला. पण परक्या मशीनचं काय? यूईएफआयमधली (हेच ते मदरबोर्डचं फर्मवेअर) बूट नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते, ती डिस्कबरोबर प्रवास करत नाही. अनोळखी मशीन डिस्कवर ईएफआय/बूट या फोल्डरात बूटएक्स६४ नावाची फाइल शोधतं. ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ पर्याय दिला की ती तिथे जाऊन बसते.

चाचणीला कुडाळच्या चुलतभावाचा लॅपटॉप. “मेल्या, माझ्या विंडोजाक काय करू नको हां!” त्याच्या विंडोजला हातही न लावता डेबियन सुरू झाला, वायफायसकट. आधी मात्र डिस्क नुसती टकटक करत होती. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, तबकडी फिरायला लागताना तेवढ्यात भागत नाही. ९०० मिलिअँपिअरवाल्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात घातल्यावर गप्प झाली.

वेग विचारू नका. ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो. तबकडीची डिस्क आहे, चालायचंच.

आता क्लोन ताजा ठेवायला दर वेळी डीडी नको, फक्त बदललेल्या फाइली उतरवणारा आरसिंक पुरेल. एफएसटॅब आणि ग्रबची कॉन्फिग फाइल त्यातून वगळायची, आणि नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला असेल तर सीएचरूटमधून इनिटरॅमएफएस आणि ग्रब पुन्हा अपडेट करायचे. त्याची स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.