टिपाड, पाथरवटाचा ठोकळा आणि पाण्याचा दाब : प्रयोगांची नोंद

गवंडी पातळी तपासण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, तिचा एक तुकडा यू आकारात फळीवर बसवून तयार केलेला माझा दाबमापी आता भरवशाचा झाला आहे. आरंभी नळीच्या टोकाला नरसाळे जोडून त्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधले होते, परंतु पाण्याच्या टिपाडात 40 सेंमी खोलीवर दोन भुजांमधील फरक 35 सेंमीच येत होता, कारण बाहेरच्या दाबाचा काही भाग ते ताणलेले रबरच पेलून धरत होते. रबर काढून नरसाळे पालथे बुडवले की आत थोडे पाणी चढते. म्हणून खोली नरसाळ्याच्या काठापासून न मोजता आत चढलेल्या पाण्याच्या पातळीपासून मोजावी लागते. तशी मोजल्यावर आकडे दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळले.

हेच नरसाळे नंतर तळ बंद केलेल्या उभ्या पीव्हीसी पाइपात सोडले. तेथे पाणी टिपाडाच्या मानाने अगदी थोडे असूनही समान खोलीला समान दाब मिळाला. जायकवाडीच्या भिंतीवर एखाद्या बिंदूशी पाण्याचा किती दाब येतो, हे नाथसागर किती दूर पसरला आहे यावर नव्हे, तर त्या बिंदूच्या वर किती पाणी उभे आहे यावर ठरते, ही गोष्ट त्या अरुंद पाइपामुळे मला प्रथमच मनापासून पटली.

या टप्प्यातील सर्वांत समाधानकारक काम ठोकळ्याचे. पाथरवटाकडून काळ्या पाषाणाचा 10 सेंमी लांब, 8 सेंमी रुंद आणि 6 सेंमी उंच ठोकळा घडवून घेतला. तो पूर्ण बुडाला की खालच्या पृष्ठावरील दाब वरच्यापेक्षा 6 सेंमी पाण्याइतका अधिक असतो. पृष्ठाचे क्षेत्रफळ 80 चौरस सेंमी असल्याने वर ढकलणारे बल सुमारे 480 ग्रॅम पाण्याच्या वजनाइतके असावे. ताणकाट्यावर हवेत 1350 ग्रॅम आणि पाण्यात 880 ग्रॅम दिसले, म्हणजे घट 470 ग्रॅमची. उरलेले दहा ग्रॅम मी छिन्नीने उडालेल्या कोपऱ्यांच्या खात्यावर टाकतो, कारण काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेले पाणीही 470 ग्रॅमच भरले. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत पाठ केले होते. प्लावक बल म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबांतील फरकच, हे मात्र या ठोकळ्याने दाखवले. तो 5 सेंमी खोल ठेवला काय किंवा 35 सेंमी, घट बदलली नाही, कारण दोन्ही पृष्ठांवरील दाब सारखाच वाढतो. पाण्याची बादली वजनकाट्यावर ठेवून ठोकळा तळाला न टेकवता दोरीने आत लोंबता धरला, तेव्हा बादलीचे वजन तेवढ्याच 470 ग्रॅमने वाढले. हा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पुढचा टप्पा पाण्याच्या वायुदाबमापीचा आहे. आपल्याकडे पाणी सात-आठ मीटरपेक्षा खाली गेले की विहिरीच्या काठावरची मोटार ते ओढू शकत नाही आणि ती आत उतरवावी लागते, कारण पाणी वर ढकलण्याचे काम बाहेरची हवा करते आणि तिची ताकद मर्यादित असते. समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे 10.3 मीटर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो, शिवाय 30 अंश तापमानाला पाण्याची वाफच सुमारे 40 सेंमी स्तंभ खाली दाबते, त्यामुळे गच्चीवरून सोडलेल्या नळीत सव्वानऊ मीटरच्या आसपास स्तंभ उभा राहावा, असा माझा हिशेब आहे. विरघळलेली हवा नळीच्या माथ्याशी साचू नये म्हणून पाणी उकळून, झाकून थंड करून वापरणार आहे.