स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी

मी नेटवर्क आणि सीसीटीव्हीची कामं करतो. लांज्याजवळच्या एका गावात मला बोलावलं होतं ते फक्त गेटवरच्या कॅमेऱ्याचं विचारायला. जाऊन बघतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्याचा स्लॅब पडणार. सेंटरिंग लागलेलं, लोखंड बांधून झालेलं, इलेक्ट्रिशियनने पंख्याचे डबे आणि लाईटचे पाईप टाकलेले. नेटवर्कचा पाईप औषधालासुद्धा नाही.

"काका, इंटरनेटची लाईन घरात कुठून फिरवणार?"

"ते पोरगा बघणार आहे. तो म्हणतो आता सगळं वायरलेस."

पोरगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आंब्याच्या हंगामात दोन महिने गावी येऊन घरूनच काम करायचं, म्हणून वरच्या मजल्यावर त्याची खोली. काकांनी लगेच त्याला फोन लावून दिला.

"दादा, केबल आता कोण टाकतं? माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोकसुद्धा नाही. मेशचे तीन डबे आणतो, वाय-फाय सेव्हनचे. विषय संपला."

त्याचं निम्मं बरोबर होतं. फोन, टॅब, लॅपटॉप यांना कुणी वायर लावत बसत नाही आणि बसूही नये. वायरच्या नावाने शपथा घेणारे आमच्या धंद्यातले लोक मला पटत नाहीत. पण ज्या डब्यातून वाय-फाय बाहेर पडतं, त्या डब्यापर्यंत इंटरनेट कशाने पोचणार? मेश म्हणजे एकमेकांना वायरशिवाय जोडून वाय-फाय पुढे नेणारे डबे. त्यातला मधला डबा एकाच रेडिओवर मागच्याकडून घेतो आणि पुढच्याला देतो, म्हणजे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा. मधल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असलेले महागडे डबे मिळतात, पण भिंत त्यांनाही तीच. त्याच डब्याच्या पाठीत एक केबल घातली की तोच डबा फर्स्ट क्लास चालतो.

हे फोनवर सांगून पटण्यासारखं नव्हतं. मग काकांना म्हटलं, त्याला व्हिडिओ कॉल लावा, मोबाइलचा डेटा बंद करा, आणि जुन्या घरात चला.

जुनं घर शेजारीच. चिऱ्याचं, भिंती सव्वा-दीड फूट जाड. केबलवाल्याने फायबर आणून राऊटर ओटीवर ठेवलेला. काकांच्या हातात पोरगा, माझ्या हातात सिग्नल मोजायचं ॲप. ओटीवर उणे 41. या मोजणीत उण्यापुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा सिग्नल कमी, आणि दर तीनला ताकद निम्मी होते. माजघरात 58. स्वयंपाकघरात 71, तिथे पोराचा आवाज तुटायला लागला. मागच्या पडवीत 83, आणि पोरगा तोंड अर्धवट उघडं ठेवून चौकोनात गोठला. माझा अंदाज असा की 67 पर्यंत असे कॉल नीट चालतात. तिथून पुढे देवाचं नाव.

"अगो, म्हणून माझा फोन चुलीपाशी तुटतो!" काकू म्हणाल्या. त्या इतके दिवस मोबाइल कंपनीला बोल लावत होत्या.

"आणि हे उन्हाळ्यात," मी म्हटलं. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पाणी रेडिओ लहरी पितं. नव्या घरात भिंती चिऱ्याच्याच, वर सळयांची जाळी असलेला स्लॅब. राऊटर खाली आणि पोरगा वर, म्हणजे मधे लोखंडाची चाळणी.

पोरगा दोन मिनिटांनी साध्या कॉलवर परत आला. "ओके. पण केबल जुनी होईल ना? टेक्नॉलॉजी बदलते."

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मला तो आवडतो, कारण उत्तर उलटं आहे. तांब्याच्या तारेवरून गिगाबिट, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट, न्यायचं मानक 1999 चं. त्याच वर्षी 11 मेगाबिटवालं वाय-फाय आलं. तेव्हापासून वाय-फायच्या पिढ्यांवर पिढ्या झाल्या, दर पिढीला लोकांनी डबे फेकले. ती तार आणि तिचं टोक तेच राहिलं. आज घरात कॅट सिक्स जातीची नेटवर्क केबल घातली तर गिगाबिट 100 मीटरपर्यंत जातं, आणि पन्नासएक मीटरच्या आत दहा गिगाबिटही. समजा तेही कमी पडलं, तरी पाईप असेल तर जुनी ओढून तिच्याच शेपटीला नवी बांधता येते. पाईप नसेल तर रंग दिलेल्या भिंतीवर कटर. म्हणून त्या संध्याकाळी वायर की वायरलेस हे ठरवायचं नव्हतंच, पाईप कुठे जाणार एवढंच ठरवायचं होतं. वायर दिवाळीनंतर घेतली तरी चाललं असतं.

काका हिशेबी माणूस. "किती?" त्यांनी विचारलं. पाईप, डबे, बेंड आणि रात्रीची मजुरी सांगितली. त्यांनी पायाच्या खडीचं बिल आठवलं बहुतेक. "टाक," म्हणाले.

जिन्याखालच्या कोनाड्यात मुख्य जागा धरली. फायबर तिथे येणार, राऊटर आणि स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात तो नेटवर्कचा डबा) तिथे, आणि इन्व्हर्टरचा एक प्लगही तिथेच. तिथून टीव्हीमागे, पोराच्या टेबलाच्या जागी, खाली आणि वर पॅसेजच्या छताला एकेक, कॅमेऱ्यांच्या कोपऱ्यांना, गेटकडे. छतातल्या वाय-फायच्या डब्याला शेजारी प्लग लागत नाही. त्याच केबलमधून वीजही जाते. पंधरा वॉटपर्यंत देणारं त्याचं मानक 2003 चं आहे, तरी लोकांना अजून नवल वाटतं. आपल्याकडे पावसात लाईट जाते तेव्हा याचा खरा उपयोग कळतो: खालचा एक इन्व्हर्टर चालू, की वरचं वाय-फाय आणि कॅमेरे सगळे चालू.

काकांना आंब्याच्या पॅकिंगच्या शेडपर्यंतही केबल हवी होती. शेड ऐंशी मीटरवर. अंतरात बसत होतं, तरी मी तांब्याला नाही म्हटलं. वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे विजा कशा पडतात ते काकांना मी सांगायला नको. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, मधे तांब्याची तार, म्हणजे जवळ कुठे वीज पडली तरी धक्का थेट स्विचमध्ये. तिथे फायबरच. काचेतून वीज येत नाही.

इलेक्ट्रिशियन घरी निघाला होता, त्याला थांबवलं तर तो वैतागला. "माझ्याच पाईपात घाला ना एकेक वायर." नाही. 230 व्होल्टच्या वायरी आणि नेटवर्क एका पाईपात कधीच नाही. आधी जिवाच्या भीतीने, मग सिग्नलच्या. फूटभर अंतर ठेवायचं, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडायचं. पंचवीस एमएमचा जाड पाईप, कोपऱ्याला एल्बो न लावता लांब बेंड, आणि प्रत्येक पाईपात पुढे केबल ओढायला एक जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार. तोंडांना कागदाचे बोळे आणि टेप. हॅलोजनच्या उजेडात सळयांवर उकिडवे बसून आम्ही हे उरकलं तेव्हा काकूंनी भात-पिठल्याची ताटं तिथेच पाठवली.

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. खरं तर माझं तिथे काही काम नव्हतं. पण स्लॅब पडताना मी पाईपांपाशी उभा राहतो. घमेलीवाले पळत असतात, व्हायब्रेटरवाला नळी ओढत असतो, त्यांच्या पायाखाली काय आहे हे बघायला त्यांना वेळ नसतो आणि तो त्यांचा दोषही नाही. मी खालून, एकामागून एक, जीआयच्या तारा हलवून बघत होतो. पोराच्या खोलीकडे जाणारी तार हलेना.

वर ओरडलो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, त्या पट्ट्यात माल पडला."

पाईप कुठेतरी सुटला होता. कुठे, हा प्रश्न. जिन्याकडच्या तोंडातून नायलॉनची स्प्रिंग, म्हणजे पाईपातून वायर ओढायची लांब लवचिक दोरी, घातली. ती आत जात जात एका जागी थडकली. तोंडापाशी स्प्रिंगला चिमटीत धरून बाहेर काढली आणि टेपने मोजली: चार मीटरला दोन बोटं कमी. मग वर जाऊन, रात्री काढलेल्या फोटोवरून पाईपाची वाट धरत तेवढंच अंतर मोजलं. ते येऊन थांबलं बीमच्या कडेला, जिथे कुणीतरी सळई उचलायला पहार घातली होती. साध्या सिमेंटचा सुरुवातीचा सेट अर्ध्या तासाच्या आत होऊ नये असा निकष आहे, म्हणजे अजून वेळ होता, पण ऊन चढत होतं आणि मिस्त्रीचा चेहराही. विजापूरकडच्या एका कामगाराने कुणी न सांगता थापी टाकली आणि हातांनीच काँक्रीट उपसायला घेतलं. वीतभर खाली कपलर, म्हणजे दोन पाईप जोडणारा तुकडा, दिसला. पाईप त्यातून बोटभर बाहेर सरकलेला, तोंडात खडीचा एक तुकडा आणि सिमेंटचं दूध.

खडी काढली. स्प्रिंगच्या टोकाला ओलं फडकं बांधून आतलं दूध पुसून घेतलं, तीन-चार फेऱ्या, फडकं नुसतं ओलं यायला लागेपर्यंत. चिरडलेलं टोक कापून नवा तुकडा, दोन कपलर, सोल्युशन, वर टेप. तार ओढली, सरकली. मिस्त्रीने लगेच माल टाकून घेतला. तोवर मिक्सर थांबून राहिल्याबद्दल तो मला कानडीत काहीतरी म्हणाला, त्याचा अर्थ मी विचारला नाही.

वरच्या स्लॅबच्या वेळी पोराने स्वतःच नकाशा करून पाठवला. गच्चीवर सोलरच्या इन्व्हर्टरसाठी एक पाईप त्याने सुचवला होता, तो चांगला होता. न्हाणीघरातला मी खोडला.

गिलावा, फरशी, रंग झाल्यावर केबल ओढायला गेलो, तर काकांनी माझ्या आधीच बाजारातून स्वस्तातलं खोकं आणून ठेवलेलं. हातात घेतल्यावरच हलकं लागलं. एक तार सोलून ब्लेडने खरवडली, तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा केबलवर कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री आतले दिवे लागले की बंद पडतो, कारण लांबवर वीज पोचतच नाही. मग लोक कॅमेरा बदलत बसतात. खोकं परत गेलं, अस्सल तांब्याचं आलं.

सगळे पॉइंट टेस्टरवर लावले. पोराच्या टेबलाचा पॉइंट चालू होता, पण स्विचवर 1000 च्या ऐवजी 100 चा दिवा. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, गिगाबिटला चारही लागतात. 100 दोन जोड्यांवर भागवून घेतं, त्यामुळे नेट चालतं आणि कुणाला संशयही येत नाही. टेस्टर सात नंबरची तार जोडलेली नाही असं दाखवत होता. प्लेट खोलली, तर पांढरी-तपकिरी तार खाचेत नीट बसलीच नव्हती. पुन्हा पंच केली, दिवा बदलला. पोरगा चारशे रुपयांचा यूएसबीचा लॅन जोड घेऊन आलाच होता. लॅपटॉप मीटिंगला वायरवर, बाकी वेळ पॅसेजमधल्या वाय-फायवर. वरच्या खोलीच्या कोपऱ्यात उणे 52 आलं. मागच्या पडवीत 60.

बिल बघताना काकांचं बोट एका ओळीवर थांबलं. देवघराशेजारच्या भिंतीत एक पाईप आणि बंद प्लेट.

"ह्यात काय आहे?"

"काही नाही. रिकामा ठेवलाय, पुढे लागला तर."

त्यांनी जरा विचार केला. "पाईपाचे घे. प्लेटचे कशाला? तिथे मी कॅलेंडर लावतो."